टोमॅटोची बूडसड : फवाऱ्याआधी पाण्याची शिस्त हवी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धानाचे व जंगलाचे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु येथील घराघरांमागे जी लहानशी वाडी असते, तिचा उल्लेख शेतीविषयक लेखांतून क्वचितच होतो. चार वांगी, चार मिरच्या, कुंपणावर चढलेला वालाचा वेल आणि पाच-दहा टोमॅटोची, म्हणजे आपल्याकडील भेदऱ्यांची, झाडे एवढाच तिचा पसारा. ह्या वाडीतील माल सहसा बाजारात जात नाही, म्हणून तिचा हिशेबही कोणी ठेवीत नाही. तथापि ज्या गावांना आठवडी बाजार दूर पडतो, तेथे रोजच्या भाजीतील आंबटपणा आणि मुलांच्या जेवणातील क जीवनसत्त्व पुष्कळ अंशी ह्याच वाडीतून येते. म्हणून तिच्यातील नुकसान लहान दिसले, तरी ते लहान मानणे योग्य नव्हे.

ह्या वाडीतील टोमॅटोवर एक विकार वारंवार दिसून येतो. झाड हिरवेगार असते, पानांवर डाग नसतो. पण फळ सुपारीहून थोडे मोठे झाले की त्याच्या बुडाशी, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूस जेथे फूल गळून पडले तेथे, पाणी भरल्यासारखा एक ठिपका उमटतो. तो वाढत जाऊन तपकिरी व पुढे काळा होतो, त्या जागेची साल आत दबते आणि चामड्यासारखी चिवट बनते. असे फळ वेळेआधीच लाल होते. ह्या विकाराला ह्या लेखात आपण ‘बूडसड’ म्हणू. पहिल्या व दुसऱ्या घोसातील फळांवर तो अधिक येतो. टोमॅटोप्रमाणेच मिरची, वांगी व कलिंगड ह्यांच्या फळांवरही तो आढळतो.

काळा डाग दिसताच घरधनी फळ खिशात घालून तालुक्याच्या कृषी केंद्रात जातो आणि बुरशीनाशकाची पुडी किंवा कीटकनाशकाची बाटली घेऊन परत येतो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. गावपातळीवरील कार्यकर्त्याला विचारले, तर तोही कित्येकदा एखाद्या औषधाचे नाव सांगून मोकळा होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, ही पुडी आणि ही बाटली दोन्ही येथे व्यर्थ आहेत. आणि ज्या वाडीतून मुले हाताने फळ तोडून तेथेच खातात, त्या वाडीत विनाकारण विष आणणे हे केवळ पैशाचे नुकसान नसून धोक्याचेही आहे. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही गोष्ट आपण विसरू नये. जेथे औषधाची गरजच नाही तेथे ते न सांगणे, हेही कार्यकर्त्याचे कर्तव्यच होय.

विकार कशाने होतो?

बूडसड हा जंतूंनी, बुरशीने किंवा किडीने होणारा रोग नव्हे. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. काळ्या डागावर पुढे बुरशी वाढलेली दिसते खरी. परंतु ती मेलेल्या भागावर मागाहून आलेली असते. मुळात फळाच्या टोकाला कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील मूलद्रव्य, वेळेवर न मिळाल्यामुळे तेथील पेशी दुबळ्या होऊन मरतात. घराच्या भिंतीत विटांना बांधून ठेवणारा जसा चुना, तसे वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींना बळकटी देणारे हे द्रव्य आहे.

आता हे द्रव्य झाडात कसे फिरते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्व उपायांची किल्ली त्यातच आहे. कॅल्शियम मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढते आणि जिकडे पाणी अधिक ओढले जाते तिकडे जाते. पानांतून दिवसभर पाण्याची वाफ उडत असते, म्हणून पाने पाणी जोराने ओढतात. फळाची साल गुळगुळीत व मेणचट असल्याने त्यातून वाफ फारच थोडी जाते; साहजिकच फळाच्या वाट्याला थोडे पाणी व थोडे कॅल्शियम येते, आणि देठापासून सर्वांत दूर असलेल्या टोकाला तर सर्वांत कमी. शिवाय नत्र किंवा पालाश जसे जुन्या पानांतून निघून नव्या भागाकडे जाऊ शकते, तसे कॅल्शियम जाऊ शकत नाही. एकदा पानात गेले ते तेथेच राहिले. फळधारणेनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फळ झपाट्याने फुगत असते. नेमके त्याच वेळी चार दिवस जमीन कोरडी पडली, की फळाच्या टोकाचा पुरवठा तुटतो. पुढे भरपूर पाणी दिले, तरी मेलेला भाग जिवंत होत नाही.

हा विकार एकोणिसाव्या शतकापासून शास्त्रज्ञांच्या नजरेत आहे. त्याला कोणी बुरशी, कोणी जंतू, तर कोणी पाण्याची टंचाई कारण मानीत असत. कॅल्शियमशी असलेला त्याचा संबंध १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रयोगांनी पुढे आला. कॅल्शियमची उणीव आधी की झाडाला बसलेला ताण आधी, ह्याविषयी संशोधकांत आजही चर्चा चालते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो, तो असा की झाडाला ताण बसू देऊ नये.

चुना आहे, पण पोहोचत नाही

‘जमिनीत चुना कमी, म्हणून बूडसड’ असे एक सरळ समीकरण अलीकडे रूढ होऊ लागले आहे. ते अर्धेच खरे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस वरोरा, भद्रावती, राजुरा व कोरपना ह्या भागांत काळी जमीन आहे. राजुरा-कोरपना पट्ट्यात तर चुनखडीचा दगड निघतो आणि त्यावर गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने उभे आहेत. ज्या जमिनीच्या पोटात चुन्याचा एवढा साठा, तेथील टोमॅटोचेही बूड सडते. विहिरीच्या जड पाण्यातही चुना असतो. पाणी तापविण्याच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तो त्याचाच. ह्यावरून हे उघड होते की, ह्या भागात प्रश्न चुन्याच्या साठ्याचा नसून त्याच्या वाहतुकीचा आहे, आणि ही वाहतूक पाणी करते.

पूर्वेकडील मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हे तालुके व गडचिरोली जिल्ह्याचा बराचसा भाग ह्यांची स्थिती थोडी निराळी आहे. येथे हलक्या, तांबूस-पिवळ्या जमिनी पुष्कळ आहेत. पाऊस भरपूर असल्याने अशा जमिनींतील चुना धुपून जातो व काही ठिकाणी त्या आम्ल बनतात. तेथे चुन्याची खरी उणीव असू शकते. परंतु ती आहे की नाही हे डोळ्यांनी ठरविता येत नाही, त्यासाठी मातीपरीक्षण हवे.

आपल्या कामाचे पंचांग आणि वाडीचे पाणी

आता आपल्या जिल्ह्यांतील खऱ्या कारणाकडे वळू. सप्टेंबरअखेर लावलेल्या टोमॅटोला पहिली फळे नोव्हेंबरच्या सुमारास धरू लागतात. हाच काळ धानाची कापणी, बांधणी व चुरणे ह्यांचा. घरातील सर्व माणसे पहाटे शेतावर जातात आणि दिवेलागणीला परततात. वाडीला चार-चार दिवस पाणी मिळत नाही. मग एखाद्या दिवशी सवड मिळाली की बादल्यांमागून बादल्या ओतल्या जातात. उशिरा लावलेली झाडे मार्च-एप्रिलमध्ये फळांवर असतात, तेव्हा मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो आणि पारा ४५ अंशांच्या वर चढतो. पावसाळी झाडांची तऱ्हा उलट असते. रोवणीच्या दिवसांत वाडीत पाणी साचते, मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेली मुळे भोवती पाणी असूनही ते ओढू शकत नाहीत. सारांश, बूडसडीचे मूळ आपल्या आळसात नसून आपल्या कामाच्या पंचांगात आहे. म्हणून ‘रोज पाणी द्या’ असा कोरडा उपदेश पुरेसा होणार नाही. घरात माणूस नसतानाही ओल कशी टिकेल, ह्याची तजवीज सांगितली पाहिजे.

दुसरे कारण युरिया. धानासाठी आणलेल्या पोत्यातील उरलेला युरिया मूठभर वाडीत टाकण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने झाड काळेभोर हिरवे होते आणि मालकाला आनंद होतो. पण वाढलेला पाला पाणी व कॅल्शियम आपल्याकडेच ओढून घेतो. शिवाय युरियापासून जमिनीत प्रथम जो अमोनियम तयार होतो, तो मुळांपाशी कॅल्शियमच्या आड येतो. ज्या वाडीत पाला उदंड आणि फळांची बुडे काळी, तेथे युरियाची चौकशी पहिल्याने करावी.

प्रतिबंधाचे उपाय

पहिला उपाय आच्छादनाचा. आपल्या जिल्ह्यांत धानाचे तणस घरोघरी असते. झाड वीतभर वाढले की बुंध्यापासून चार बोटे जागा मोकळी सोडून भोवती तीन-चार इंच जाडीचा तणसाचा थर द्यावा. आपल्या आवारातील वाळलेला पालापाचोळाही चालतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची जी चाल आहे, तिच्यामुळे दरवर्षी जंगलात वणवे लागतात. आपल्या शेतातील मोहाखालचा पाला झाडून वाडीत आणला, तर वणवाही टळेल आणि ओलही टिकेल. राखीव व संरक्षित जंगलातून मात्र पाला आणू नये. वाळवीचा उपद्रव असेल तेथे थर पातळ ठेवावा आणि अधूनमधून उलटून पाहावा.

दुसरा उपाय मडक्याचा. कुंभाराकडील न रंगविलेले, पाझरणारे मातीचे मडके दोन-तीन झाडांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. माती कोरडी होत जाते तसतसे पाणी हळूहळू झिरपते. धानाच्या कापणीच्या दिवसांत किंवा मोहाच्या हंगामात घर दिवसभर रिकामे असले, तरी झाडाला ताण बसत नाही. झाडे लावतानाच मडकी पुरावी, म्हणजे पुढे मुळे तुटत नाहीत.

तिसरा उपाय पाण्याच्या पाळीचा. किती बादल्या हा प्रश्न दुय्यम आहे. किती नेमाने हा प्रश्न मुख्य आहे. चार-पाच इंच खोल माती उकरून मुठीत दाबावी. तिचा गोळा बनत असेल तर ओल पुरेशी आहे. भुगा होत असेल तर पाणी हवे. बोटांतून पाणी निथळत असेल तर ते जास्त झाले आहे. हलक्या जमिनीस थोडे पण वारंवार, काळ्या जमिनीस अंतराने पण भरपूर, असे पाणी द्यावे. फुलोऱ्यापासून फळे मोठी होईपर्यंत ही पाळी चुकू देऊ नये. साबणाचे पाणी रोजच्या रोज टोमॅटोच्या आळ्यात सोडू नये. त्यातील क्षारांमुळे मुळांचे काम बिघडते.

चौथा उपाय मुळांच्या रक्षणाचा. पावसाळ्यात टोमॅटो सपाट वाफ्यात न लावता गादीवाफ्यावर किंवा उंच वरंब्यावर लावावा आणि पाण्याला वाट काढून द्यावी. झाड फळांवर आल्यावर बुंध्याशी खोल खुरपणी करू नये. तण हाताने उपटावे. चांगले कुजलेले शेणखत लावणीपूर्वीच मातीत मिसळावे, म्हणजे वरखताची गरज कमी पडते आणि हलक्या जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढते.

पाचवी गोष्ट वाणाची. लांबट, अंडाकृती फळांच्या जातींवर बूडसड अधिक येते. लहान गोल फळांवर ती क्वचितच दिसते. गावरान, आंबट, लहान भेदरी ज्यांच्या वाडीत अजून आहेत, त्यांनी ती मोडून टाकू नयेत; त्यांचे बी राखून ठेवावे व शेजाऱ्यांना द्यावे.

चुना, राख आणि अंड्याची टरफले

पूर्वेकडील हलक्या जमिनीत लावणीपूर्वी दोन-तीन महिने मातीचा नमुना तपासून घ्यावा. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या योजनेत जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तीत बारा बाबी नोंदलेल्या असतात. परंतु त्यांत कॅल्शियमची नोंद नसते, हे ध्यानात ठेवावे. तेथे सामूचा आकडा पाहावा. टोमॅटोला सुमारे ६ ते ७ सामू मानवतो. आकडा ६ च्या बराच खाली असेल, तर शेतीचा चुना किती घालावा हे तज्ज्ञांना विचारून तो लावणीपूर्वी मातीत मिसळावा. सामू ठीक असूनही कॅल्शियम कमी असल्याचे तपासणीत आढळले, तर जिप्सम घालणे योग्य, कारण त्याने सामू वाढत नाही. ह्या कामी सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र, तसेच गडचिरोलीजवळील सोनापूरचे कृषी विज्ञान केंद्र ह्यांचा सल्ला घ्यावा. पश्चिमेकडील काळ्या चुनखडीच्या जमिनीत मात्र वरून चुना टाकणे म्हणजे समुद्रात मीठ टाकण्यासारखे आहे.

चुलीतील लाकडाच्या राखेत कॅल्शियम व पालाश दोन्ही असतात. आम्ल जमिनीत एका झाडाच्या जागेला फार तर मूठभर राख वर्षातून एकदा लावणीपूर्वी मिसळण्यास हरकत नाही. परंतु ढीगभर राख टाकल्यास पालाश वाढून कॅल्शियमलाच अडथळा होतो. राख व युरिया एकत्र कधीही करू नयेत. त्यातील नत्र वायू होऊन उडून जाते. अंड्याची टरफले कुजण्यास फार काळ लागतो. त्यांच्यापासून चालू हंगामातील फळांना मदत होईल ही आशा व्यर्थ आहे. पानाला लावण्याचा चुना किंवा सिमेंट उभ्या झाडाच्या बुंध्याशी टाकणे तर सर्वथा अनिष्ट, कारण त्याने कोवळी मुळे भाजतात.

विकार दिसू लागल्यावर काय करावे?

डाग पडलेली हिरवी फळे प्रथम तोडून टाकावी, म्हणजे झाडाची शक्ती नव्या फळांकडे जाईल. पिकू लागलेले फळ कुजून दुर्गंधी आलेली नसेल, तर काळा भाग कापून उरलेले खाण्यास हरकत नाही. ते विषारी नसते. युरिया ताबडतोब थांबवावा, आच्छादन करावे व पाण्याची पाळी बांधावी. दोन-तीन आठवड्यांनी येणारी नवी फळे बहुधा स्वच्छ निघतात. पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवून लहान फळांवर फवारण्याची शिफारस काही ठिकाणी केली जाते. तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण पानांवर पडलेले कॅल्शियम फळात जात नाही; आणि कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. पाण्याची शिस्त नसेल, तर ह्या फवाऱ्यानेही फळ वाचणार नाही.

परंतु निदान चुकू नये, म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्या. डाग देठाजवळ असून त्यात वर्तुळावर वर्तुळ दिसत असेल व पानांवरही तसेच ठिपके असतील, तर तो करपा समजावा. जमिनीला टेकलेल्याच फळांवर तपकिरी वलये आली असतील, तर ती बुरशीची फळकूज होय. अशा झाडांना आधार द्यावा. फळाला भोक असेल तर अळी, आणि उन्हाच्या बाजूस पांढरट चट्टा असेल तर ऊन लागलेले. डाग नेमका बुडाशी, कोरडा, चिवट आणि पाने निरोगी, एवढे जुळले तरच बूडसड म्हणावे. करपा किंवा अळी निघाल्यास त्यांचे उपाय निराळे आहेत व ते जरूर करावे.

औषधाला मिळणारे फुकटचे श्रेय

येथे एक शंका रास्तपणे विचारली जाईल. औषध निरुपयोगी असेल, तर ‘फवारले आणि फळ सुधारले’ असे सांगणारे इतके शेतकरी कसे भेटतात? उत्तर सोपे आहे. हा विकार पहिल्या घोसांवर अधिक येतो व पुढे मुळे खोल गेल्यावर पुष्कळदा आपोआप कमी होतो. धानाची कामे आटोपून घरची माणसे वाडीकडे वळली, की पाणीही नियमित होते. ह्याच सुमारास केलेल्या फवारणीला सुधारणेचे सारे श्रेय मिळते. पाण्याने केलेले काम बाटलीच्या नावावर जमा होते, आणि पुढील वर्षी बाटली पुन्हा विकत घेतली जाते.

काही कार्यकर्ते असेही म्हणतात की, औषधाचे नाव सांगितल्याशिवाय शेतकऱ्याचे समाधान होत नाही. मला हे मान्य नाही. शेतकऱ्याचे समाधान शब्दांनी नव्हे, पुराव्याने होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून विस्तारकार्याचे खरे साधन प्रात्यक्षिक हेच राहिले आहे. बूडसडीसाठी त्याला खर्चही येत नाही. एका वाडीत एकाच दिवशी लावलेली आठ झाडे निवडावी. चार झाडांना फुलोरा येताच तणसाचे आच्छादन करून नियमित पाणी द्यावे; चार नेहमीच्या पद्धतीने राहू द्यावी. कोणत्याही झाडावर फवारणी करू नये. पहिल्या तीन घोसांची फळे तोडताना एकूण किती व बूड सडलेली किती, हे घरच्या बाईंनीच मोजून भिंतीवर कोळशाने लिहावे. वाडीला पाणी घालण्याचे काम बहुतेक घरांत त्याच करतात. म्हणून सल्लाही त्यांनाच द्यावा, आणि प्रात्यक्षिक पाहावयास शेजारणींनाही बोलवावे. भिंतीवरचे ते आकडे कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलतील.

टोमॅटोचे काळे पडलेले बूड म्हणजे मुळांशी ओल चुकल्याची खूण आहे. ती दिसताच दुकानाची वाट न धरता प्रथम झाडाखालची माती मुठीत घेऊन पाहावी. ही सवय वाडीत एकदा लागली, तर ती शेतातही उपयोगी पडेल. आणि आवश्यक तेथेच औषध, अनावश्यक तेथे मुळीच नाही, हा विवेक घराघरांत रुजेल.